तेलात नानकटाई होत नाही, म्हणे

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस तिथे डब्यांची रांग लागते. मैदा, साखर, डालडा आपला न्यायचा, चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं, भाजणावळ द्यायची आणि दोन-तीन तासांनी गरम नानकटाईचा डबा हात बदलत बदलत घरी आणायचा. लहानपणी हे काम माझ्याकडे होतं. बेकरीवाले चाचा लाकडी टेबलावर डालडा आणि पिठीसाखर तळहाताने रगडायचे. घट्ट गोळा हळूहळू सैल व्हायचा, मग सायीसारखा फुलायचा. तेव्हा कुठे मैदा पडायचा. रगडायला एवढा वेळ का लागतो, हे मला चाळीस वर्षांनी कळलं, आणि तेही फजिती झाल्यावर.

माझ्या भाच्याला दुधाची ॲलर्जी आहे. दीड वर्षाचा असताना कुणीतरी कौतुकाने अर्धा पेढा भरवला आणि पंधरा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. तेव्हापासून दूध, दही, लोणी, खवा, पनीर बंद. गाईचंही नाही, म्हशीचंही नाही. "तूप तरी?" आईने डॉक्टरांना विचारलं होतं. तुपात दुधाची प्रथिनं थोडीफार उरतात, या पोराच्या बाबतीत धोका नको, असं उत्तर आलं. आईच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा आघात. तूप नाही म्हणजे आजीने नातवाला द्यायचं तरी काय?

गेल्या मे महिन्यात तो सुट्टीला महिनाभर आमच्याकडे होता. आता सहा वर्षांचा आहे, शहाणा आहे. फळीवरचा नानकटाईचा डबा काढायचा, उघडायचा, वास घ्यायचा, झाकण लावायचा आणि परत जागेवर ठेवायचा. मागायचा नाही. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना.

बेकरीत गेलो. चाचा आता गल्ल्यावर बसतात, टेबलाशी मुलगा असतो. म्हटलं, चाचा, तेलात करून द्याल का थोडी? ते हसले. "तेलात भजी होतात मालक. नानकटाई होत नाही." शिवाय त्याच टेबलावर मिल्क ब्रेड, त्याच पत्र्यांवर बटरची बिस्किटं, म्हणजे करून दिली असती तरी पोराला देता आली नसती. घरीच करायचं ठरलं. घरात ओटीजी होता, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी, बायकोने हौसेने घेतलेला आणि दोन वर्षं पापड भाजण्यापलीकडे न वापरलेला.

पहिला घाणा: सूर्यफूल

आईचं प्रमाण वाटीचं. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, जवळजवळ वाटीभर तूप. मी तुपाच्या जागी तेवढंच सूर्यफुलाचं तेल घेतलं, कारण ते घरात होतं. तेल आणि साखर फेटायला घेतली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हात भरून आला. तेल होतं तसंच, साखर तळाशी. फुलणं नाही, पांढरं होणं नाही. मैदा घातल्यावर गोळा तकतकीत झाला आणि बोटांच्या फटींतून तेल ओघळायला लागलं. तरी नेटाने गोळे वळले, वर चारोळी लावली, ट्रे आत ठेवला.

वीस मिनिटांनी बाहेर आला तो एक अखंड नकाशा. गोळे पसरून एकमेकांना चिकटलेले, बटर पेपर पारदर्शक झालेला. तुकडा मोडला तर हाताला तेल, तोंडात भुगा, आणि चव म्हणाल तर साखरेची. सूर्यफुलाच्या तेलाला स्वतःची चव नाही म्हणूनच आपण ते रोजच्या भाजीला वापरतो. नानकटाईत मात्र अर्धी चव तुपाचीच असते, ती काढली की मागे गोड पीठ उरतं.

भाच्याने दोन तुकडे खाल्ले आणि "छान आहे, मामा" म्हणाला. सहा वर्षांच्या मुलाने एवढं सभ्य असू नये.

त्या रात्री मी चाचांच्या तळहाताचा विचार करत बसलो. डालडा काय, तूप काय, घट्ट असताना त्यात स्निग्धाचे बारीक बारीक स्फटिक असतात. साखर घालून रगडलं की हवेचे बुडबुडे शिरतात आणि ते स्फटिक त्यांना धरून ठेवतात. भट्टीत तेच बुडबुडे फुगतात आणि नानकटाईला भेगा पडतात, ती हलकी होते. तेलात धरून ठेवणारं काहीच नाही. दहा मिनिटं काय, दहा तास फेटलं तरी ते तेलच. वर ते मैद्याच्या कणाकणाला असं लपेटून बसतं की कण एकमेकांना धरत नाहीत, म्हणून भुगा. शिवाय तूप ट्रेमध्ये गेल्यावर वितळायला थोडा वेळ घेतं, तेवढ्यात कडा जरा सावरतात. तेल आधीच वितळलेलं, त्याला कसली वाट बघायची आहे!

शेंगदाणा आणि करडई

दुसऱ्या खेपेला तेल पाऊण वाटी केलं. आता उलटंच झालं, गोळा वळेना. आई ओट्याशी येऊन बघून गेली. "बेसनाच्या लाडवाला तूप कमी पडलं की असंच होतं," असं म्हणत तिने ओंजळभर पाणी शिंपडलं. गोळे वळले खरे, पण भाजल्यावर नानकटाई चिवट झाली, शंकरपाळ्याच्या जातीची. पाणी लागलं, मळलं गेलं, मैद्याला ताण आला. पाणी हा आमचा शत्रू आहे, एवढं तरी पक्कं झालं. बाहेरच्या पाककृतींतल्या बटरला तेल बदली टाकताना घोळ होतो तोही याच पाण्यामुळे. बटरमध्ये स्निग्ध ८० टक्क्यांच्या आसपास, उरलेलं बहुतेक पाणी. म्हणून १०० ग्रॅम बटर म्हणजे साधारण ८० ग्रॅम तेल. तूप मात्र जवळजवळ निव्वळ स्निग्ध, तिथे ही वजावट नाही.

इथपासून मी वाटी सोडून वजनकाटा घेतला. आईला तो अपमान वाटला. पण तेलाची एक लिटरची पिशवी उलटून बघा, बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. वाटीभर तेल म्हणजे वाटीभर पाण्याइतकं वजन नव्हे. बिस्किटात वीस ग्रॅम इकडेतिकडे झालं की नकाशा होतो.

तिसरा घाणा शेंगदाण्याच्या तेलाचा. आमच्याकडे शेंगा म्हणजे घरचं माणूस. लाकडी घाण्यावरून ताजं तेल आणलं. ओटीजीतून वास असा सुटला की शेजारच्या काकू विचारत आल्या, "चिवडा करताय का?" नेमकी अडचण तीच होती. वेलची आणि कच्च्या घाणीचं शेंगतेल एका बिस्किटात नांदत नाहीत. वेलची म्हणते सण आहे, शेंगतेल म्हणतं फोडणी आहे. मग वेलची काढली, मैद्यातला निम्मा भाग कमी करून भाजक्या दाण्याचा कूट घातला, साखरेऐवजी किसलेला गूळ. हे मात्र जमलं. खमंग, थोडं दाणेदार, चहाबरोबर फक्कड. शेंगदाणा पोराला चालतो का, हे डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं, कारण ती ॲलर्जीही काही कमी वाईट नाही. तरी ती नानकटाई नव्हती. भाच्याने डब्याचा वास घेतला आणि म्हणाला, "हे दुसरं आहे."

करडई आईचा हट्ट. तिचं माहेर मराठवाड्यातलं, तिथे पूर्वी स्वयंपाकाला करडईच. बिस्किटं पहिल्या दिवशी शेंगतेलापेक्षा सौम्य, बरी लागली. बाराव्या दिवशी डबा उघडला आणि खवट भपकारा आला. जुन्या वाणाच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल नावाचा स्निग्ध घटक ७० टक्क्यांच्या वर असतो. हृदयासाठी तिचं कौतुक होतं ते त्याच्यामुळे, आणि हवा लागली की आधी बिघडतं तेही तेच. रोजच्या फोडणीत हे कळत नाही, कारण भाजी त्याच दिवशी संपते. सोलापूरच्या मे महिन्यात बिस्किटाचा डबा दोन आठवडे फळीवर राहतो.

बहिणीने पुण्याहून ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली पाठवली. केलं एकदा. हिरवट, घशाशी कडवट. लिंबाची साल किसून घातली तर खपून जाईल, पण ते आमच्या घरचं नाही. बाटली कोशिंबिरीत संपली.

याच काळात एका नातेवाइकाने फोनवर स्मोक पॉइंटचं व्याख्यान दिलं. अमुक तेल इतक्या अंशांना धुरकटतं, म्हणून भट्टीत चालणार नाही वगैरे. तळणीत तो विचार हवाच. पण ओटीजी १६५ वर आणि बिस्किट अजून ओलसर, त्याचं पोट जेमतेम १०० अंशांपर्यंत पोचतं. घरातली रिफाइंड तेलं २०० च्या पुढे धुरकटतात. मला अडचण धुराची नव्हती. मला असं तेल हवं होतं जे गोठतं.

डालड्याची परतफेरी

गोठणारं आणि दुधाशिवायचं म्हटल्यावर पहिलं नाव आलं डालडाच. गंमत बघा, चाचांच्या नानकटाईत दूध मुळात नव्हतंच. आडवे आले ते टेबल आणि पत्रे. १९३७ पासून घराघरात गेलेला तो पिवळा डबा शुद्ध वनस्पती तुपाचा, म्हणजे घट्ट केलेल्या वनस्पती तेलाचा. त्यात पूर्वी कायद्याने किमान ५ टक्के तिळाचं तेल घालावं लागे. कुणी तुपात वनस्पती मिसळलं तर आम्ल आणि साखरेच्या चाचणीत तीळ लालसर रंग दाखवायचा आणि भेसळ उघडी पडायची. तुपावरच्या त्या पाळतीमुळे मला डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारावा लागला, पोराला तीळ चालतात ना? चालतात.

डालड्याचा घाणा दिसायला सगळ्यात देखणा झाला. गोल, भेगाळलेला, चाचांच्या हातचा वाटावा असा. आईने तुकडा तोंडात टाकला आणि जीभ टाळूवर फिरवत राहिली. "टाळूला लेप बसतो गं बाई," ती सुनेला म्हणाली. बरोबर होतं तिचं. लोणी-तूप तोंडाच्या उबेने वितळून जातं. वनस्पती त्याहून चिवट, त्यातला काही भाग तोंडातही घट्टच राहतो. लहानपणी हाच लेप आम्हाला नानकटाईची चव वाटायचा.

दुसरी गोष्ट ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला वाईट अशा स्निग्धाची. वनस्पतीला बदनाम केलं ते त्यानेच. आता नियम कडक झाले आहेत, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलं आणि वनस्पती तुपातली मर्यादा २ टक्क्यांवर आणली. म्हणजे आजचा डालडा आमच्या लहानपणीचा नाही. सणासुदीला दोन नानकटाया खाल्ल्या तर आभाळ कोसळत नाही असं माझं मत. बहिणीचं मत वेगळं, आणि पोरगा तिचा. मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं बटरसारखं स्निग्ध, आणलं तर डब्याच्या पाठीमागे दुधाचे घटक लिहिलेले निघाले. नाव वनस्पतीचं आणि पोटात दूध! तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी उलटं करून वाचतो.

डोक्याचं तेल

खोबरेल मी शेवटी आणलं, कारण आईला सांगायची हिंमत नव्हती. घाटावर खोबरेल म्हणजे डोक्याला. गोव्याकडे, केरळात ते कढईत जातं हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि नातवाच्या तोंडात घालणं वेगळं. हा गोंधळ काही तिच्या एकटीचा नाही. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खायचं की केसांचं, हा कराचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने ते खाद्यतेलात धरता येतं असं म्हटलं. त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर १८ टक्के कर होता, म्हणजे भांडण उगाच नव्हतं. मी आईला ही बातमी सांगितली. ती म्हणाली, "कोर्टाला कुठं नातू आहे?"

खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. बिस्किटासाठी हा गुण सोन्यासारखा, आणि मे महिन्यात सोलापुरात हाच वैताग. स्वयंपाकघरात ३८ अंश, बाटलीत पाणीच. फ्रीजमध्ये ठेवलं तर तूप जसं थोडंफार मऊ राहतं तसं हे राहत नाही, थेट दगड होतं. चमचा वाकला माझा. दगड आणि पाणी यांच्या मधला जो श्रीखंडासारखा क्षण आहे तो पकडायचा असतो, आणि उन्हाळ्यात तो तीन-चार मिनिटांचा. शेवटी पद्धत बसली ती अशी: स्टीलचं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं, पातळ खोबरेल त्यात ओतायचं आणि रवीने हलवत राहायचं. आधी कडेला पांढरी साय धरते, मग सगळं दाटतं. दाटलं की लगेच पिठीसाखर घालून फेटायचं.

आणि फुललं. चाचांच्या टेबलावर फुलायचं तसं, हलकं, पांढरंशुभ्र. मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. कुणाला काही कळलं नाही, पण आले.

घाणीचं खोबरेल वापरलं तेव्हा नानकटाईला खोबऱ्याचा वास आला. किसलेलं सुकं खोबरं घालून तीच खोबऱ्याची बिस्किटं म्हणून खपवली, आणि ती खरंच छान लागतात. वेलचीच्या नानकटाईला मात्र रिफाइंड खाद्य खोबरेल लागलं, ज्याला वास जवळजवळ नसतो. त्यातही एक खोड निघाली: नुसत्या खोबरेलाची नानकटाई फार ठिसूळ, दाताखाली खळकन मोडते आणि जिभेला गारेगार वाटते. तुपाची कशी, मोडत नाही, विरघळते. म्हणून चौथा हिस्सा रिफाइंड शेंगदाणा तेल मिसळून बघितलं, हे वास नसलेलं. कडकपणा गेला. तिसरा हिस्सा केला तर गोळे पुन्हा पसरले. चौथ्यावर थांबलो.

आता तुपाच्या वासाचं काय? तो प्रश्न आईने सोडवला, ज्या तेलाला तिने महिनाभर नाकं मुरडली त्याच तेलात. म्हणाली, बेसन चमचाभर तेलात मंद भाजून घे, लाडवाला भाजतो तसं, अगदी तांबूस होईस्तोवर. आपल्या नाकाला तूप आठवतं ते बरंचसं तुपात भाजलेल्या बेसनामुळे, असा तिचा सिद्धांत. मला तो पटला. बेसनात मैद्यासारखा ताण नसतो, त्यामुळे नानकटाई आणखी खुसखुशीत झाली. वरून जायफळ.

तर वहीत शेवटी लिहिलेलं हे असं आहे. मैदा २०० ग्रॅम, भाजलेलं बेसन ५०, पिठीसाखर १२०, खोबरेल १०५ आणि शेंगदाणा तेल ३५, वेलची-जायफळ, चिमूट मीठ. खाण्याचा सोडा पाव चमच्याहून कमी. एरवी सोड्यासाठी चमचाभर दही घालतात, इथे लिंबाचे पाच-सहा थेंब. स्निग्ध आणि साखर भरपूर फेटायचं, पण पीठ पडल्यावर फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करायचं, मळायचं नाही. वळलेले गोळे ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. मग १६५ वर १८ मिनिटं. बाहेर काढल्यावर हात लावायचा नाही, गरम असताना ती वाळूची असते, गार झाली की अंग धरते. मे महिन्यात डबा फळीवर न ठेवता फ्रीजमध्ये, नाहीतर चार दिवसांत बोटं तेलकट होतात. डिसेंबरात हा त्रास नाही. बाटलीतलं खोबरेल सकाळी आपणहून गोठलेलं असतं आणि बर्फाचं नाटक करावं लागत नाही.

सातव्या की आठव्या घाण्याची नानकटाई भाच्याने उघडून हुंगली, झाकण लावलं नाही. एक खाल्ली, दुसरी खिशात घातली, तिसरी आजीला नेऊन दिली. आजीने ती खाल्ली. केसांच्या तेलाचा विषय त्या दिवसापासून बंद आहे. फक्त बाटली न्हाणीघराच्या फळीवर नाही, स्वयंपाकघरात राहते आणि तिला कुणी हात लावलेला आईला चालत नाही.

दिवाळीत आमचा नेहमीचा डबा घेऊन बेकरीत गेलो तेव्हा चार नानकटाया कागदात बांधून नेल्या. चाचांनी एक उचलली, आधी खालची बाजू उलटी करून पाहिली, मग मोडली, मोडलेली कड बघितली आणि तोंडात टाकली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"डालडा नाही," ते म्हणाले. "तूप पण नाही. कुठलं तेल?"

"खोबरेल."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे आता फारसं काही उरलेलं नाही. मग मुलाला हाक मारली आणि दुसरी नानकटाई त्याच्या हातावर ठेवली.